सोळा सशांची हळद

माझ्या आठवणीतलं परळ पांढरं आहे. गिरण्यांची धुराडी, भोंगे, लालबागेकडून वाऱ्याबरोबर येणारा भाजलेल्या मिरच्यांचा ठसका, हे सगळं मागाहून येतं. आधी येतात ते ससे.

सकाळी साडेआठला मी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीचं दार उघडायची, तेव्हा ऊन तिरपं आत आलेलं असायचं आणि जाळीच्या पिंजऱ्यांत सोळा ससे एका तालात नाक हलवत बसलेले असायचे. त्यांच्या कानांतून ऊन आरपार जायचं. कान आतून गुलाबी उजळायचे आणि त्यांतल्या शिरा वहीत जपलेल्या पिंपळपानासारख्या दिसायच्या. त्याच शिरांतून आम्ही त्यांना टोचायचो आणि त्यांतूनच रक्त घ्यायचो. तरी ते माझ्याकडे बघायचे ते कोथिंबिरीच्या आशेनं. माझ्या वाट्याला पुढे इतकं क्षमाशील माणूस आलं नाही, आणि मी माझ्या यजमानांसकट बोलते आहे.

मी एकवीस वर्षांची, नुकती बी.एस्सी. झालेली. अंगात पांढरा कोट. तो दोन मापं मोठा होता, पण त्यात आपण फार रुबाबदार दिसतो अशी माझी पक्की समजूत. एक फोटो आहे अजून. त्यात उशीचा अभ्रा घालून कोणी कारटी उभी राहिली आहे असं वाटतं. तोंड मात्र असं केलेलं की जणू देवीची लस हिनंच शोधली.

नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. काम पसंत पडलं तर कायम, नाही तर रामराम. घरी फणसवाडीतही तेवढ्याच मुदतीचा करार झाला होता. दादा, म्हणजे माझे वडील, फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क. सगळं लेखी आणि मुदतीत असावं हा त्यांचा स्वभाव. ते म्हणाले होते, "सहा महिने बघ. कायम झालीस तर मी एक अक्षर बोलणार नाही. नाही झालीस तर नाशिकच्या मंडळींना होकार कळवतो." नाशिकचा मुलगा चांगला होता. मी त्याला चहा दिला तेव्हा त्यानं तीनदा धन्यवाद म्हटलं. पण त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. आणि मला तर ती काचेची, पाण्याची, उन्हाची खोली स्वप्नात दिसायला लागली होती. सहापैकी पाच महिने झाले होते.

आमच्या विभागाचे प्रमुख म्हणजे सर. सर इतकं हळू बोलायचे की पहिला महिनाभर त्यांचं निम्मं बोलणं मी नुसती मान हलवून मंजूर केलं. सशांची देखभाल करायला मामा. सगळी प्रयोगशाळा त्यांना मामाच म्हणायची. मालवणकडचे, लालबागच्या चाळीत राहणारे, कमरेला तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी. त्यांनी सशाला उचललं की ससा डोळे मिटायचा. मी उचललं की ओरबाडायचा.

प्रयोग असा होता. पोटात डावीकडे, फासळ्यांच्या आडोशाला पानथरी असते. पुस्तकात तिला प्लीहा म्हणतात. रक्तात काही परकं शिरलं तर ते ओळखायचं आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करायला लावायच्या, हे तिचं एक मोठं काम. सरांना बघायचं होतं की ती काढून टाकली तर हे काम किती अडतं. शिवाय कॉर्टिसोन नावाचं औषध तेव्हा नवं होतं. ते सांध्यांची सूज उतरवतं, पण शरीराची ही ओळखपाळखही मंदावतं असं सर म्हणायचे. दुधासारखं गढूळ औषध, परदेशातून आलेल्या मोजक्याच कुप्या. परत कधी येतील याचा भरवसा नाही.

म्हणून सोळा सशांचे चार गट. चौघांची प्लीहा काढलेली. चौघांची शाबूत, पण रोज सकाळी कॉर्टिसोनची सुई. चौघांना दोन्ही. उरलेल्या चौघांचं काही काढलं नव्हतं आणि त्यांना औषधही नव्हतं, पण पोट त्यांचंही, आणि नुसत्या औषधवाल्या चौघांचंही, चिरून परत शिवलेलं. मला ते फार निर्दय वाटलं.

"सर, यांचं काही काढायचंच नाही तर चिरायचं कशाला?"

"म्हणजे पुढे जो फरक दिसेल तो प्लीहेमुळे आहे, चिरण्यामुळे नाही, असं म्हणता येईल," सर म्हणाले. "एकाला जे कराल ते सगळ्यांना करा. ज्याची परीक्षा घ्यायची तेवढंच वेगळं ठेवा."

मी मान हलवली. अर्थात कळलं नव्हतं.

मला आपलं वाटायचं की प्लीहा म्हणजे आमच्या वाडीच्या तोंडाशी बाकड्यावर बसणारे आजोबा. पेपर तोंडासमोर, पण कोणी नवखा आत शिरला की पेपरामागून विचारणार, "कोणाकडे?" त्यांना चुकवून आत गेलेला मनुष्य आमच्या पाहण्यात नव्हता. हे मी एकदा सरांना ऐकवलं.

"आणि कॉर्टिसोन?"

"आजोबांना लागलेली दुपारची झोप."

सर हसले. त्या महिन्यातलं ते त्यांचं एकमेव हसू, आणि मी पुढचे आठ दिवस त्याच्यावर काढले.

सशांच्या कानात आकडे गोंदण्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. खुणा रंगाच्या. प्लीहा काढलेल्याच्या कपाळावर जांभळा टिळा, औषध चालू असलेल्याच्या पाठीवर पिवळा. ज्याचं दोन्ही त्याला दोन्ही टिळे, ज्याचं काही नाही तो पांढरा. तो पिवळा रंग पिक्रिक ॲसिडचा, केसांच्या मुळापर्यंत मुरणारा. शिवाय पिंजऱ्यावर कार्ड. सगळ्यांच्या कानाच्या शिरेतून मेंढीच्या रक्तपेशी सोडून झाल्या होत्या. आता थोड्या दिवसांनी त्यांचं रक्त घ्यायचं आणि कोणी परक्याला किती ओळखलं ते बघायचं. तोवर माझं काम एवढंच, रोज सकाळी दहाला पिवळ्या टिळ्याच्या आठ सशांना औषध टोचायचं.

आणि इथे माझी अक्कल आडवी आली.

संक्रांत नुकतीच झाली होती. वाडीत रोज कोणाकडे तरी हळदीकुंकू. एका सकाळी औषध देऊन झाल्यावर मला दिसलं की काहीच न केलेल्या गटातल्या एका सशाचे टाके लालसर झाले आहेत. जखमेवर टाकायची पांढरी पावडर तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना टाकलेली होती. पण माझं समाधान होईना. घरी आमचं बोट कापलं, गुडघा फुटला, की आई एकच करायची, खोबरेल तेलात कालवलेली हळद. ती लागली की दुखणं आपलं राहायचं नाही, आईचं व्हायचं. आदल्या संध्याकाळी वाणाबरोबर मिळालेली हळदीची पुडी माझ्या पिशवीत होतीच. खोबरेल तेल मामांच्या फळीवर, पिंजऱ्यांच्या कड्या करकरू नयेत म्हणून ठेवलेलं. मी बशीत हळद कालवली आणि चिमटीनं त्या सशाच्या जखमेवर लावली.

लावून वर बघते तो बाकीचे पंधरा जाळीला नाक लावून बसलेले.

आता कोणी शहाणं माणूस काय करेल? बशी धुवून ठेवेल. पण मी पंक्तीत वाढून वाढून मोठी झालेली. आमच्याकडे एकाच्या पानात तूप जास्त पडलं तर आजी वाढणारीचा हात धरायची आणि ओळीतल्या प्रत्येकाला परत तेवढंच वाढायला लावायची. पंक्तिभेद हे आमच्या घरात खोटं बोलण्याच्या खालोखालचं पाप. तेव्हा मी अगदी मापून, चिमूट चिमूट, सोळाही सशांच्या टाक्यांना हळद लावली. लावताना त्यांच्याशी बोललेही. काय बोलले ते सांगत नाही. म्हातारपणी तरी अब्रू राहू द्या.

त्याच दुपारी शहर पेटलं. मुंबई महाराष्ट्रात येणार नाही अशी बातमी फिरत होती. भिंतींवर 'झालाच पाहिजे' आधीच लिहिलेलं होतं, आता माणसं ते ओरडत रस्त्यात आली. गिरण्या ओस पडल्या. सरांनी आम्हा बायकांना लवकर घरी पाठवलं आणि ते स्वतः दादरला गेले. मी पोचेपर्यंत गिरगावातही दुकानांच्या फळ्या लागल्या होत्या. संध्याकाळी संचारबंदी झाली. लालबाग-परळकडे गोळीबार झाला, माणसं गेली, असं एकमेकांच्या कानात सांगत वाडी गॅलऱ्यांत उभी होती. माणसं मरत होती आणि मी विचार करत होते तो सशांचा. सांगायची लाज वाटते, पण तसं होतं. उद्या दहाला आठ सुया टोचायच्या होत्या. एक दिवस चुकला की प्रयोग गेला, आणि प्रयोग गेला की नाशिक.

सकाळी संचारबंदी काही तासांपुरती उठली. दादा म्हणाले, "कुठेही जायचं नाही." मी आईला म्हटलं, ठाकूरद्वारच्या मावशीकडे वाण द्यायचं राहिलंय, चार पावलांवर तर आहे. आईनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं ताटात करंडा ठेवला, तिळगूळ ठेवला, वर विणलेला रुमाल घातला आणि ताट माझ्या हातात दिलं. तिला सगळं कळलं होतं हे मला तेव्हा कळलं नाही. मी आपली जिन्यात स्वतःच्या हुशारीवर खूष.

त्या सकाळचं चालणं मला अजून पडतं, स्वप्न पडावं तसं. ट्रामचे रूळ रिकामे आणि उन्हात चमकत दूर गेलेले. रस्त्यावर विटांचे तुकडे, एकेकट्या चपला. आवाज कुठलाच नाही, त्यामुळे माझ्या बांगड्या मलाच ऐकू येत होत्या. हवेत काहीतरी आंबट-तिखट राहिलेलं, त्यानं डोळे चुरचुरत होते. भायखळ्याच्या पुढे एका हवालदारानं काठी आडवी केली.

"कुठे?"

"हळदीकुंकवाला."

त्यानं रुमाल उचलून पाहिला. रात्रभर जागलेले त्याचे डोळे लाल होते. "जावा, ताई," तो म्हणाला, "पण घराघरानं जावा." मी तिळगूळ पुढे केला. तो त्यानं घेतला आणि न खाता मुठीत धरून ठेवला.

प्रयोगशाळेत मामा एकटे. संचारबंदीमुळे त्यांना चाळीत परतता आलं नव्हतं. मला बघून ते उठले.

"तू कित्याक इलंस गो? बापाशीक सांगून इलंस?"

"नाही. ससे कुठेत?"

मामांनी बाटल्या धुवायच्या आतल्या खोलीचं दार उघडलं. रस्त्यात अश्रुधुराचं नळकांडं फुटलं आणि धूर सशांच्या खिडकीतून आत आला तेव्हा मामांनी एकेकाला उचलून आत आणलं होतं, दार लावून फटींत ओली पोती कोंबली होती. पिंजरे आणायला वेळच नव्हता. धुरानं ससे डोळे मिटून थरथरत होते म्हणून एक फडकं ओलं करून ते सोळांच्या डोळ्यांवरून, तोंडावरून, पाठीवरून फिरवत राहिले होते.

जमिनीवर सोळा ससे एकमेकांत घुसून झोपले होते. एखादा मोठा ढग खोलीत येऊन निजावा तसे. फक्त तो ढग पिवळा होता.

एकच फडकं. सशांना उचलताना जखमांवरची ओली तेलकट हळद मामांच्या हातांना, हातांवरून त्या फडक्यावर, आणि फडक्यावरून सगळ्यांच्या पाठींवर. कपाळावरचे जांभळे टिळे नीट दिसत होते. पण औषधाचे पिवळे टिळे हळदीच्या पिवळ्यात बुडून गेले होते. सोळाच्या सोळा पाठी पिवळ्या. कार्डं मागच्या खोलीत, रिकाम्या पिंजऱ्यांवर.

मी भिंतीला टेकून खाली बसले. तेव्हा मला शहाणपण सुचलं असं कोणाला सांगावं असं वाटतं, पण मी रडले. नाक वाजवत. मांडीवर हळदीकुंकवाचं ताट. एक ससा उठून आला आणि त्यानं तिळगुळाचा वास घेतला.

"पुरे गो," मामा म्हणाले. "ते जिवंत आसत मां?" मग दुसरीकडे बघत, "आमच्या चाळीतलो एक काल गेलो, सकाळी निरोप इलो. खिडकी लावूक उठललो."

मी नाक पुसलं. मामांनी चंची काढली. तळहातावर तंबाखू घेतली, डबीतला चुना नखानं लावला आणि अंगठ्यानं मळायला लागले. मळून फुंकर मारली, तंबाखू तोंडात टाकली, आणि माझी नजर त्यांच्या तळहातावर गेली. तळहात रक्तानं भरलेला.

"मामा, तुम्हाला लागलंय."

"माका? नाय गो." त्यांनी हात बघितला आणि तेही चमकले. मग ते वास घेऊन म्हणाले, "हळद ती."

हळद आणि चुना. कुंकू. आमच्या वाडीत तर एक बाई हेच करून विकायची. साबणाच्या पाण्यात हळदीचा डाग लाल होतो म्हणून आईच्या शिव्या मी लहानपणापासून खाल्लेल्या. आणि पिक्रिक ॲसिडला चुन्यानं काही होत नाही, ते पिवळंच राहतं. हे मी परीक्षेत लिहून पदवी घेतली होती, पण डोक्यात शिरलं ते तंबाखूच्या वाटेनं.

मामांच्या डबीतला चुना मी पाण्यात अगदी पातळ कालवला, आणि कापसाच्या बोळ्यानं एकेका सशाच्या पाठीवर लावला. मामांनी धरलं, मी लावलं. बोळा फिरला की पिवळा केस कुंकवासारखा लाल व्हायचा. पहिला ससा पुरता लाल झाला. दुसराही. तिसऱ्याच्या पाठीवर लालात मधोमध रुपयाएवढा गोल पिवळाच राहिला, केस विस्कटून पाहिले तर मुळापर्यंत पिवळा. मी बोळा हातात धरून त्या गोलाकडे बघत राहिले. अमावास्येला चंद्र दिसावा तसं काहीतरी. सोळा झाल्यावर मोजले, तर बरोबर आठ चंद्र. जांभळे टिळे जुळवले. चार, चार, चार, चार. दहाच्या ठोक्याला मी पहिली सुई भरली.

सर आले ते बाराच्या सुमाराला, दादरहून पायी, रुमाल ओला करून नाकाला लावलेला. दारात ते थबकले. समोर पिंजऱ्यांत सोळा लाल ससे, टेबलावर करंडा आणि तिळगूळ.

"हे काय आहे?"

मी उभी राहिले. सर यायच्या आधीच मामांनी दोष स्वतःवर घ्यायचं ठरवलं होतं. मला म्हणाले होतेच, "सांग, मामाच्या हातसून सांडला. मी कायम आसंय, माका कोण काढतलो?" आणि मी, पापभीरू घरातली मुलगी, खोट्याच्या खालोखाल पंक्तिभेदाला भिणारी, काय बोलले?

"सर, गडबडीत मामांच्या हातून हळदीचं तेल सांडलं सशांवर."

सरांनी रुमाल घडी घालून खिशात ठेवला. "किती सांडलं?"

"माहीत नाही."

"कोणत्या सशांवर? जखमांपर्यंत गेलं?"

"सगळे एकत्र होते. सांगता येत नाही."

"मग संपलं," सर नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले. "कोणाला किती लागलं हे माहीत नसेल तर फरक प्लीहेचा, औषधाचा की तुमच्या हळदीचा, हे सांगता येणार नाही. सोळाही बाद." ते वळले. मामा खाली बघत होते. त्यांच्यावर कोणी रागावलंही नव्हतं, आणि तेच मला बघवेना.

मला वाटतं, आयुष्यात मी एवढी सावकाश कधीच बोलले नाही.

"सर, मामांनी नाही. मी लावली. काल सकाळी, औषध दिल्यावर. खोबरेलात कालवून. टाक्यांवर. मामांनी फक्त डोळे पुसले."

सर थांबले. "किती?"

"चिमूटभर."

"कोणाकोणाला?"

"सगळ्यांना. सोळांना. सारखी."

"जखम किती जणांची लाल होती?"

"एकाची."

"मग सोळांना का?"

आता याचं शास्त्रीय उत्तर मला आज विचाराल तर मी छान देईन. तेव्हा माझ्या तोंडून जे होतं तेच निघालं. "सर, पंक्तिभेद नको म्हणून."

सर मागे आले, एक ससा उचलला, टाके बघितले, पाठीवरचा गोल बघितला, माझ्या बोटांना लागलेला चुना बघितला. ते खुर्चीवर बसले आणि मग बराच वेळ कपाळाला हात लावून होते. मला वाटलं रागानं. मामांना वाटलं डोकं दुखतंय. त्यांनी पाणी आणलं.

"तुम्हाला कळतंय का," सर शेवटी म्हणाले, "एकालाच लावली असतीत तर आज हे सगळं फेकावं लागलं असतं. हळदीनं काही होत असेल तर ते आता सोळांत सारखंच होणार. तुलना राहते." मग रजिस्टर पुढे सरकवलं. "तुमच्या हातानं लिहा. शाईनं. आधी जे खोटं सांगितलंत तेही लिहा."

मी लिहिलं. हळद, खोबरेल तेलातून, प्रत्येकी चिमूटभर, सोळाही सशांस. आणि पुढच्या ओळीत, मी आधी मामांचे नाव सांगितले. त्या पानावर शाईचा एक डाग आहे. तो पेनाचा नाही.

ठरल्या दिवशी आम्ही रक्त घेतलं. प्रत्येक सशाची नळ्यांची एक ओळ. नळीत त्याच्या रक्तातलं पाणी, पुढच्या नळीत निम्मं, त्याच्या पुढे निम्म्याचं निम्मं, आणि सगळ्यांत मेंढीच्या रक्तपेशी. अँटिबॉडी असतील तर पेशी एकमेकींना धरून तळाशी चादरीसारख्या पसरतात. नसतील तर घरंगळत एका जागी जमून तांबडा ठिपका होतो. दुसऱ्या दिवशी मी खोलीचं दार उघडलं तर ऊन थेट नळ्यांवर पडलेलं. सोळा ओळी, प्रत्येक ओळ पाण्यातल्या घाटाच्या पायऱ्यांसारखी उतरत गेलेली. ज्यांचं काहीच काढलं नव्हतं त्यांच्या चादरी लांबवर पसरलेल्या. औषधवाल्यांच्या अर्ध्यावर थांबल्या. प्लीहा नसलेल्यांच्या त्याही अलीकडे. आणि दोन्ही टिळ्यांचे जे चौघे होते, त्यांच्या ओळीत पहिल्या दुसऱ्या नळीपासूनच ठिपके. रक्तात परके शिरले होते आणि विचारणारं कोणी नव्हतं.

मला वाईट वाटलं आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच. मी आकडे सरांना वाचून दाखवले. सरांनी ते लिहून घेतले, आणि खाली हळदीचीही नोंद केली.

महिन्यानं माझे सहा महिने भरले. सरांचा शेरा दादांनी माझ्या हातातून घेऊन उभ्याउभ्या वाचला. 'निरीक्षण चांगले. हात हलका. प्रथम खोटे बोलल्या, नंतर स्वतः दुरुस्त केले. स्वयंपाकघर व प्रयोगशाळा यांतील अंतर शिकत आहेत. कायम करावे.' दादांनी चष्मा पुसला. खोटं काय बोललीस हे विचारलं नाही. आईला मात्र म्हणाले, "ठाकूरद्वारच्या मावशीला तिळगूळ पोचला होता का गं?" आई म्हणाली, "हवालदाराला पोचला." नाशिकला नकाराचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

त्या खोलीत पुढे माझी तीस वर्षं गेली. मुंबई महाराष्ट्रात आली त्या दिवशी मामांनी सशांना गाजरं वाटली. मोजून, प्रत्येकाला सारखी.

आता माझे सांधे सुजतात, म्हणून कॉर्टिसोनच्याच घराण्यातल्या छोट्या पांढऱ्या गोळ्या रोज सकाळी घेते. माझ्या फासळ्यांआडचे, बाकड्यावरचे आजोबा आता पेंगतात. दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला की मला वाटतं माझ्या पाठीवर रुपयाएवढा पिवळा गोल आहे, आणि कोणीतरी हलक्या हातानं केस विस्कटून बघतंय. मी नाक हलवते. नात म्हणते, आजी झोपेत नाक हलवते.

परवा नवी डॉक्टरीणबाई तपासून गेली. मुलगी गोड आहे, कोट तिलाही मोठा होतो. जाताना तिनं विचारलं, "आजी, या गोळ्यांबरोबर आणखी काही घेता का? घरगुती वगैरे?"

सून मागून डोळे मोठे करून नाही म्हणायला सांगत होती.

"घेते," मी म्हटलं. "हळद. दुधातून. रोज, चिमूटभर. आणि आधीच्या डॉक्टरांना मी नाही म्हणून सांगितलं होतं. दोन्ही लिहून ठेव, शाईनं."

तिनं लिहिलं. मग मला विचारलं, "एवढं बारीक कशाला सांगता?"

मी नुसतं, "बस, चहा घे," म्हटलं. आणि सुनेला सांगितलं, सगळ्यांना कर.